केगमधल्या घरगुती बिअरमध्ये गॅस वारंवार जास्त का होतो आणि तो कसा उतरवावा

तोटी उघडावी आणि ग्लासात तीन चतुर्थांश फेस व तळाशी दोन बोटे बिअर यावी, हा अनुभव केग, म्हणजे बिअर वायूच्या दाबाखाली ठेवायचे बंद पिंप, वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी येतो. अशा वेळी हात आपोआप रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरमधून केगमध्ये येणाऱ्या वायूचा दाब ठरवणाऱ्या साधनाच्या, स्क्रूकडे जातो, दाब बारा पीएसआयवरून (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) सहावर आणला जातो, दोन दिवस वाट पाहिली जाते आणि तिसऱ्या दिवशी फेस होता तितकाच, कधी कधी थोडा जास्तच निघतो. त्यानंतर नळी बदलली जाते, तोटी बदलली जाते, ती केग कशीबशी संपवली जाते आणि पुढच्या केगला पुन्हा तेच होते.

असे होण्याचे कारण साधे आहे. फेस हे एकच लक्षण दोन निरनिराळ्या दुखण्यांचे असते. एकात बिअरमध्येच गरजेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. दुसऱ्यात बिअरमधला वायू अगदी योग्य असतो, परंतु केगपासून ग्लासापर्यंतच्या वाटेवर तो वेळेआधी बाहेर पडतो. पहिल्यासाठी वायू काढावा लागतो. दुसऱ्यात दाब उतरवणे हा उलटा उपाय ठरतो, कारण बिअरच्या स्वतःच्या दाबापेक्षा रेग्युलेटरचा दाब कमी झाला की नळीतच बुडबुडे सुटू लागतात आणि फेस वाढतो. म्हणून उपाय करण्याआधी यातले कोणते दुखणे आहे ते ठरवले पाहिजे.

आधी निदान

काही खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पहिला ग्लास फेसाचा आणि लगेच भरलेला दुसरा व तिसरा ठीक, असे होत असेल तर दोष बहुधा बिअरचा नसून गरम तोटीचा किंवा फ्रिजबाहेर राहिलेल्या नळीच्या तुकड्याचा असतो. दुसऱ्या ग्लासापर्यंत तोटी थंड झालेली असते, म्हणून फेस थांबतो. नळी पारदर्शक असेल तर केगजवळचे टोक निरखून पाहावे. तोटी बंद ठेवून तासाभराने पाहिल्यावर नळीत बोटभर लांबीचे रिकामे कप्पे दिसत असतील, तर बिअर दाबापेक्षा जास्त वायू बाळगून आहे असे समजण्यास हरकत नाही. बिअर ओतताना मात्र केगच्या जोडापासूनच बारीक बुडबुड्यांची सलग रांग निघत असेल, तर डिप ट्यूबच्या (केगच्या तळापर्यंत जाऊन बिअर वर आणणाऱ्या नळीच्या) कॉलरखालची ओ-रिंग तपासावी. ती फाटलेली किंवा चपटी झालेली असेल, तर वरच्या रिकाम्या जागेतला वायू थेट बाहेर जाणाऱ्या बिअरमध्ये घुसतो. छोट्याशा रबरी कड्याने होणारा हा त्रास लोक महिनोन्‌महिने गॅस जास्त झाल्याचा समजतात.

चवीचीही थोडी मदत होते. वायू खरोखर जास्त असेल तर जिभेच्या टोकाला टोचल्यासारखी आंबट धार जाणवते आणि माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा दबतो. तीच बिअर जगमध्ये ओतून चमच्याने जोरात ढवळून पुन्हा चाखली आणि ती एकदम गोल, ओळखीची लागली, तर संशय बळावतो.

तरीही या सगळ्या खुणा अंदाजाच्या आहेत. खात्रीची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे केगचा स्वतःचा, स्थिरावलेला दाब. त्यासाठी वायूच्या जोडावर बसणारा दाबमापक लागतो. वायूच्या बाजूच्या डिस्कनेक्टला (केगच्या जोडावर चटकन बसणाऱ्या टोकाला) छोटा गेज, म्हणजे दाबमापक, लावून तो घरीच तयार करता येतो आणि माझ्या मते केगसोबत घ्यायची पहिली वस्तू हीच असावी, दुसरी तोटी नंतर.

मोजण्याची पद्धत अशी. केग किमान चोवीस तास एकाच तापमानाला फ्रिजमध्ये राहिलेली असावी. सिलिंडरकडून येणारी वायूची जोडणी काढावी. केग जवळपास पूर्ण भरलेली असेल, तर झाकणावरच्या सुरक्षा झडपेची कडी ओढून वरचा दाब एकदा पूर्ण सोडून द्यावा, कारण तो रेग्युलेटरने पाठवलेला असतो, बिअरचा नसतो. केग निम्म्याहून रिकामी असेल तर मात्र असे करू नये. तिथे वरची जागाच इतकी मोठी असते की तेवढ्याने बिअरमधला वायू बराच उतरतो आणि मोजमाप खोटे येते. नंतर गेज लावून केग दोन-तीन मिनिटे हलक्या हाताने हलवावी आणि काटा जिथे थांबेल तो आकडा लिहून घ्यावा. हलवायचे नसेल तर गेज लावून केग दिवसभर तशीच ठेवावी. काटा हळूहळू चढतो आणि एका जागी स्थिर होतो. मग केग पुन्हा जोडून एक ग्लास ओतून टाकावा, दुसऱ्या ग्लासात थर्मामीटर बुडवावा आणि ते तापमान त्या दाबाशेजारी लिहावे. फ्रिजच्या दारावरचा आकडा इथे उपयोगाचा नाही. तो हवेचे तापमान दाखवतो आणि केगमधल्या बिअरचे तापमान त्याहून दोन-तीन अंशांनी वेगळे असू शकते.

आकडा कसा वाचावा

विल्यम हेन्री या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये मांडलेला नियम इथे सगळे काम करतो. ठरावीक तापमानाला द्रवात विरघळणारा वायू त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. बिअरमधला वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. शून्य अंश सेल्सिअस आणि एक वातावरण दाबाला मोजलेला अडीच लिटर वायू एक लिटर बिअरमध्ये विरघळलेला असेल, तर ती अडीच व्हॉल्यूमची बिअर होय. वजनात सांगायचे तर एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरमागे साधारण दोन ग्रॅम वायू.

बिअर ३ अंश सेल्सिअसला असेल तर केगचा स्थिर दाब ११ पीएसआय म्हणजे २.५ व्हॉल्यूम, १६ म्हणजे ३ आणि २१ म्हणजे ३.५. या टप्प्यात पाच पीएसआयला अर्धा व्हॉल्यूम असा हिशेब तोंडपाठ ठेवता येतो. हीच अडीच व्हॉल्यूमची बिअर २० अंशांवर ठेवली तर गेज २७ ते २८ पीएसआय दाखवील. तो आकडा पाहून घाबरायचे कारण नाही, वायू तेवढाच आहे. तापमान न लिहिता नुसता दाब सांगणे निरर्थक आहे ते याचसाठी. पेल एलसारख्या बिअरला साधारण २.२ ते २.६ व्हॉल्यूम योग्य मानतात, तर जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला साडेतीन किंवा त्याहून जास्तही चालतात. तेव्हा ‘जास्त’ हे त्या बिअरच्या मानाने ठरवावे. गव्हाची बिअर केली असेल आणि मोजमाप ३.५ आले, तर बिअर बरोबर आहे, नळी अपुरी आहे.

मोजमाप आपल्याला हव्या त्या आकड्याच्या आसपास आले, तर पुढचे वायू काढण्याचे प्रकार वाचायची गरज नाही, थेट शेवटच्या भागातल्या नळीच्या मुद्द्याकडे जावे.

वायू उतरवताना

सर्वांत प्रचलित सल्ला असा असतो की सिलिंडर बंद करा आणि झडप ओढत राहा. सल्ला बरोबर आहे, पण किती वेळा ओढायची हे कोणी सांगत नाही, आणि दोन-चारदा ओढून काही फरक पडला नाही की माणूस कंटाळतो. थोडा हिशेब केला की हा कंटाळा टळतो. १९ लिटरच्या केगमध्ये १८ लिटर बिअर आणि वर एक लिटर रिकामी जागा आहे, बिअर ३ अंशांवर ३.५ व्हॉल्यूमची आहे आणि आपल्याला २.५ हवे आहेत, असे धरू. म्हणजे बिअरमधून १८ लिटर वायू बाहेर काढायचा आहे. झडप एकदा ओढल्यावर बाहेर पडतो तो जेमतेम दीड लिटर, आणि पुढच्या प्रत्येक वेळी त्याहून थोडा कमी. प्रत्येक वेळी दाब पुन्हा पूर्ण स्थिरावू दिला, तरी झडप सतरा-अठरा वेळा ओढावी लागते. न हलवता ठेवलेल्या केगमध्ये वायू वर यायला तास लागतात. तेव्हा दिवसातून चार-पाच वेळा झडप ओढणाऱ्याला चार दिवस लागणार हे उघड आहे, आणि दाब पूर्ण स्थिरावण्याआधीच ओढली तर त्याहूनही जास्त. उपाय चुकत नव्हता, पुरेसा झालेला नव्हता इतकेच.

आता त्याच केगमधून चार लिटर बिअर आधी जगमध्ये काढून घेतली, फेसासकट, आणि वर पाच लिटर जागा झाली, तर तोच परिणाम तीन वेळा झडप ओढून मिळतो. सतराऐवजी तीन! केग निम्मी रिकामी असेल तर एकदा पूर्ण दाब सोडून केग स्थिरावू दिली, की बिअर ३.५ वरून सुमारे २.६५ व्हॉल्यूमवर येते. काढून घेतलेली चार लिटर बिअर वाया जात नाही. रुंद तोंडाच्या जगमध्ये अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की तिच्यातला जादा वायू आपोआप निघतो, मात्र ती त्याच दिवशी प्यावी लागते. मला हा मार्ग सर्वांत सोयीचा वाटतो आणि भरलेल्या केगच्या बाबतीत मी आता दुसरा करतही नाही.

हलवल्याने वायू लवकर सुटतो, पण त्याचे दोन तोटे आहेत. भरलेली केग हलवून लगेच झडप ओढली तर फेस झडपेतून उसळतो. ती चिकट बिअर झडपेत वाळते आणि पुढे झडप नीट बसत नाही. केगच्या आत वायूच्या जोडाखाली असलेल्या आखूड नळीतही बिअर शिरते. दुसरे असे की एकदा फेस होऊन विरलेली प्रथिने पुन्हा तितकासा फेस धरत नाहीत. म्हणून चार दिवस रोज जोरजोरात हलवलेल्या बिअरचा वायू शेवटी बरोबर होतो, पण ग्लासावरचा फेस मिनिटभरात बसतो. हलवायचेच असेल तर केग हळुवार झुलवावी, दहा मिनिटे स्थिर ठेवावी आणि मगच कडी थोडी थोडी ओढावी.

ज्यांच्याकडे स्पंडिंग व्हॉल्व्ह आहे, म्हणजे ठरावीक दाबापुढचा वायू आपोआप बाहेर सोडणारी झडप, त्यांनी ती वायूच्या जोडावर लावून ११ पीएसआयवर बेतावी आणि केग फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस सोडून द्यावी. यात हात लावावा लागत नाही आणि वायू हव्या त्या आकड्याखाली जायची भीतीही राहत नाही. एवढेच पाहावे की झडप बेतताना फ्रिजचे तापमान धरले आहे, खोलीचे नव्हे.

घाई असेल तर आणखी एक युक्ती आहे. वायूची नळी बिअरच्या जोडावर लावायची, म्हणजे वायू डिप ट्यूबमधून केगच्या तळाशी जातो, आणि झाकणावरची झडप उघडी ठेवायची. कार्बन डायऑक्साइड काढायला कार्बन डायऑक्साइडच सोडायचा हे ऐकायला विचित्र वाटते, पण त्यामागचे कारण पक्के आहे. तळापासून वर जाणारा प्रत्येक बुडबुडा हा कमी दाबाचा छोटा कप्पा असतो आणि आजूबाजूच्या बिअरमधला जादा वायू त्यात शिरून वर निघून जातो. रेग्युलेटर अगदी दोन-तीन पीएसआयवर ठेवावा, केग वरून किमान एक चतुर्थांश रिकामी असावी आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबून फेस कुठवर आला ते झडपेच्या आवाजावरून ओळखावे. कोरडा फुसफुस आवाज ओलसर, बुडबुडल्यासारखा झाला की तिथेच थांबायचे. पाच-सात मिनिटांत बराच फरक पडतो. पण हे बुडबुडे वायूबरोबर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा, गंधही घेऊन जातात. ड्राय हॉपिंग केलेल्या (आंबलेल्या बिअरमध्ये थेट हॉप्स घातलेल्या) बिअरवर मी हा प्रयोग एकदा केला आणि पुन्हा केला नाही. ती बिअर निर्दोष होती, नुसती गंधहीन. काळपट, माल्टच्या चवीच्या बिअरला मात्र यात फारसे गमवावे लागत नाही.

केग फ्रिजबाहेर काढून गरम होऊ देणे हा मार्गही चालतो. ३.५ व्हॉल्यूमची बिअर २० अंशांवर आली की आतला दाब ४३ पीएसआयच्या घरात जातो, त्यामुळे झडप ओढताना दर वेळी दुप्पट वायू निघतो. स्टेनलेस स्टीलच्या कॉर्नेलियस केगला हा दाब सहज पेलतो. प्लास्टिकच्या केगच्या बाबतीत तिच्यावर छापलेली मर्यादा आधी पाहावी, आणि आपला गेज कितीपर्यंत दाखवतो तेही. कोणत्याही मार्गाने एवढा वायू काढताना खिडकी उघडी असावी. लहानशा बंद खोलीत सिलिंडर गळका असेल तर तो धोका याहून कितीतरी मोठा आहे, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो.

वायू आला कुठून

वायू उतरवून थांबले की पुढची केग पुन्हा तशीच होते, म्हणून हा भाग सोडू नये.

घाईने वायू भरणे हे सर्वांत उघड कारण आहे. ३० पीएसआयवर चोवीस तास ठेवून मग दाब कमी करायचा, ही पद्धत अनेकजण वापरतात आणि ती चुकीची नाही. पण ३ अंशांवर ३० पीएसआयची अंतिम मजल सव्वाचार व्हॉल्यूमच्याही पुढे आहे. चोवीस तासांनंतर विसरलेला प्रत्येक तास बिअरला त्या दिशेने नेतो, त्यातून केग हलवली असेल तर फारच वेगाने. ज्यांना विसरायची सवय आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून ११-१२ पीएसआय लावून दहा ते चौदा दिवस थांबावे. हा दाब त्याच्या ठरलेल्या आकड्यापुढे बिअरला नेऊच शकत नाही.

निदान नेऊ शकत नाही असे मी समजत होतो. माझ्या तीन केग लागोपाठ बिघडल्या तेव्हा रेग्युलेटर १२ वरच होता आणि फ्रिज ४ अंशांवर. तिसऱ्या वेळी केगची जोडणी काढून, सिलिंडर उघडा ठेवून आणि रेग्युलेटरच्या पुढची छोटी झडप बंद करून मी रात्री काटा पाहून ठेवला. तो १२ वर होता. सकाळी १९ वर होता. रेग्युलेटरच्या आत वायू अडवणारी जी बैठक असते, तिच्यावर कचरा बसला किंवा ओरखडा पडला की ती पूर्ण मिटत नाही आणि सिलिंडरकडचा वायू तासन्‌तास थेंबाथेंबाने पुढे सरकत राहतो. दिवसा बिअर ओतली जात असल्याने दाब खाली येतो आणि काटा बरोबर दिसतो. रात्रभर मात्र केग एकोणिसावर असते. माझ्या रेग्युलेटरमध्ये तांदळाच्या कणाएवढा पांढरा टेफ्लॉन टेपचा तुकडा सापडला, जो मीच कधीतरी आट्यांवर जास्त गुंडाळला होता. सिलिंडर बंद करून दोन्ही बाजूंचा दाब पूर्ण सोडल्याशिवाय रेग्युलेटर उघडायला जाऊ नये. २० अंशांवर सिलिंडरच्या आत सुमारे ५७ बार दाब असतो. उघडण्याचा आत्मविश्वास नसेल तर बैठकीचा संच बदलून घ्यावा किंवा सरळ नवा रेग्युलेटर घ्यावा. ही रात्रीची चाचणी फुकट असते आणि वर्षातून एकदा तरी करावीच.

रेग्युलेटरचीच आणखी एक फसवी गोष्ट आहे. स्क्रू मागे फिरवल्याने केगमधला दाब कमी होत नाही. बहुतेक साधे रेग्युलेटर फक्त नवा वायू यायचा थांबवतात, आत असलेला वायू परत घेत नाहीत. ३० वरून १२ वर आणताना आधी स्क्रू पूर्ण सैल करावा, केगची झडप ओढून वरचा दाब सोडावा आणि मग स्क्रू हळूहळू घट्ट करीत १२ वर यावे. ही पायरी गाळली तर केगच्या वरच्या जागेत तीसचा दाब तसाच राहतो आणि बिअर तो शांतपणे शोषत बसते.

तापमानाचा परिणाम त्यामानाने सौम्य, पण सतत चालणारा असतो. १२ पीएसआयवर ८ अंशांची बिअर २.२ व्हॉल्यूम धरते, ५ अंशांची सुमारे २.४ आणि २ अंशांची २.७. दाबाचा तक्ता ८ अंशांसाठी वाचला आणि बिअर प्रत्यक्षात २ अंशांवर राहिली, तर अर्धा व्हॉल्यूम फुकट वाढतो. जोरदार फेसाला एकटे हेच कारण पुरत नाही, पण आखूड नळीच्या जोडीने पुरते.

आता ज्या कारणाकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते. सिलिंडर बंद, जोडणी काढलेली, तापमान तेच, आणि तरीही दाब आठवड्याभरात सावकाश वाढत असेल, तर बिअर आतल्या आत अजून आंबते आहे. किण्वन पूर्ण होण्याआधी केग भरली गेली, हे एक कारण. ड्राय हॉपिंग हे दुसरे. हॉप्समध्ये अशी विकरे (एन्झाइम) असतात जी यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिन या लांब साखळ्यांच्या शर्करेचे तुकडे करून त्यांची पचणारी साखर बनवतात आणि झोपलेले यीस्ट पुन्हा कामाला लागते. ही गोष्ट नवी नाही. होरेस ब्राउन आणि जी. हॅरिस मॉरिस यांनी १८९३ मध्येच पिपातल्या एलमध्ये घातलेल्या हॉप्सचा हा गुण नोंदवला होता. तिसरे कारण म्हणजे जंतुसंसर्ग, विशेषतः ज्या यीस्टला डेक्स्ट्रिनही पचते त्या डायास्टॅटिकस प्रकाराचा किंवा ब्रेटानोमायसेस या जंगली यीस्टचा.

हे पडताळण्यासाठी बिअरचा नमुना दोन भांड्यांत वीसेक वेळा आलटून पालटून ओतून पूर्ण वायुरहित करावा, कारण बुडबुडे हायड्रोमीटरला (घनता मोजणाऱ्या तरंगत्या साधनाला) चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. मग हायड्रोमीटरला लागणाऱ्या तापमानाला विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता, जी साखर आंबली की घटते) मोजून केग भरतानाच्या नोंदीशी ताडावे. ०.००१ इतकी घट म्हणजे ढोबळमानाने अर्धा व्हॉल्यूम वायू. केग भरताना १.०१४ आणि आता १.०११ असेल, तर दीड व्हॉल्यूम वायू बिअरने स्वतःच तयार केला आहे, रेग्युलेटर निर्दोष आहे. अशी बिअर थंडीत ठेवून काम थांबत नाही, फक्त लांबते. ती केग २० अंशांच्या आसपास आणून स्पंडिंग व्हॉल्व्ह लावावा, गुरुत्व दोन-तीन दिवस एकाच आकड्यावर टिकेपर्यंत तिला आंबू द्यावे आणि मग थंड करावी. चवीत फिनॉलचा, औषधी किंवा लवंगेसारखा उग्र वास नव्याने आला असेल तर संसर्ग धरावा. मग त्या केगचे सर्व पॉपेट (जोडांच्या आतल्या स्प्रिंगच्या छोट्या झडपा), ओ-रिंग, डिप ट्यूब आणि नळी सुटी करून गरम क्लीनरने धुतल्याशिवाय तिच्यात पुढची बिअर भरू नये. ओ-रिंगखालची खाच ब्रशने घासावी, तिथेच सगळे लपून बसते.

केगमध्ये साखर घालून नैसर्गिक वायू तयार करणाऱ्यांची चूक बहुधा मोजमापातली असते. लिटरमागे चार ग्रॅम साध्या साखरेने साधारण एक व्हॉल्यूम वायू होतो, आणि २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये मुळातच ०.८५ च्या आसपास व्हॉल्यूम शिल्लक असतो. म्हणजे १९ लिटरला अडीच व्हॉल्यूमसाठी सव्वाशे ग्रॅम साखर पुरते. शिल्लक वायू हिशेबात न धरणारा दोनशे ग्रॅमच्या जवळ जातो.

नळी आणि पुन्हा जोडणी

वायू बरोबर असूनही फेस येत असेल तर नळीचा विरोध कमी पडतो आहे. केगमधला ११-१२ पीएसआयचा दाब तोटीपर्यंत पोहोचेतो जवळजवळ संपला पाहिजे, आणि तो संपवते नळीच्या आतल्या भिंतीचे घर्षण. ४.८ मिलिमीटर आतील व्यासाच्या साध्या व्हिनाइल नळीची लांबी सुमारे तीन मीटर ठेवावी. अनेक तयार संचांबरोबर येणारी दीड मीटरची नळी या दाबाला अपुरी पडते. चार मिलिमीटरच्या नळीला त्याहून कमी लांबी पुरते. लांबीबाबत शंका असेल तर जास्त ठेवावी, कापणे कधीही शक्य असते. तोटी नेहमी एका झटक्यात पूर्ण उघडावी, अर्धवट उघडी तोटी स्वतःच फेस करते. नळी दर दोन आठवड्यांनी धुवावी, कारण आत जमलेल्या थराच्या खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे धरतात.

उतरवलेल्या केगला सिलिंडर पुन्हा जोडताना एक काळजी घ्यावी. केगचा दाब रेग्युलेटरपेक्षा जास्त असेल आणि बिअर वायूच्या आखूड नळीपर्यंत भरलेली असेल, तर जोडताक्षणी बिअर उलट दिशेने रेग्युलेटरकडे धावते. आधी कडी ओढून दाब सोडावा, मग जोडावे, आणि नळीत एकेरी झडप असेल तर उत्तमच. दोन दिवसांनी जोडणी काढून गेज पुन्हा लावावा. बिअर ३ अंशांवर असताना काटा १० ते १२ मध्ये थांबला तर केगला हात लावू नये. ९ च्या खाली असेल तर काढताना थोडे जास्त झाले, रेग्युलेटर १२ वर ठेवून आठवडाभर विसरावे. आणि काटा १५ च्या वर गेला असेल तर त्या रात्री केगची जोडणी काढून, सिलिंडर उघडा आणि पुढची झडप बंद ठेवून झोपावे, सकाळी रेग्युलेटरचा आकडा आधी वाचावा.